कर्ण्यात गायलेली पदे आणि किनाऱ्यावरची बुरशी

पावसाळा सरला की अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या घरांत कपाटे उघडली जातात. गाद्या, पुस्तके, रेशमी साड्या हवेवर येतात. काही जुन्या घरांत या आवराआवरीत पोटमाळ्यावरच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही खाली उतरतात. त्यांवर पांढरट-हिरवट बुरशी चढलेली असते. मग बहुधा दोनपैकी एक होते. त्या भंगारात जातात, नाहीतर कोणीतरी स्पिरिटचा बोळा घेऊन त्या पुसायला बसते. दुसरा उपाय तबकडीला पहिल्याइतकाच घातक आहे. तो का, हे कळण्यासाठी ही वस्तू कशी घडली ते पाहायला हवे.

1902च्या एप्रिलमध्ये फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने मिलान शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत एन्रिको कारुसो या तरुण गायकाचा आवाज तबकड्यांवर उतरवला. दहा गाणी, मोबदला शंभर पौंड. ऑपेरातली ती पदे जगभर गाजली. त्याच वर्षाच्या अखेरीस गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. पुढच्या काही वर्षांत हे तंत्र मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचले. बालगंधर्वांसारख्या नटांची नाट्यपदे घरोघर वाजू लागली. ‘सौभद्रा’तली सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर मात्र 1901 सालीच वारले होते. त्यांच्या गळ्याची वर्णने आपण वाचतो, पण तो आवाज कानी पडण्याची सोय नाही.

त्या काळच्या मुद्रणात आवाज टिपण्यासाठी वीज लागत नसे. मायक्रोफोनही नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई. आवाजाच्या लाटांनी कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरे, पडद्याला जोडलेली सुई हले आणि फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी खाच कोरली जाई. त्या मेणावरून धातूचा साचा तयार होई आणि साच्यावरून तबकड्या छापल्या जात. सुई हलवण्याची सगळी ताकद गायकाच्या फुप्फुसांतून यायची. विद्युत मुद्रण 1925पासून सुरू झाले, तोवर हीच पद्धत होती.

मानवी कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. कर्ण्याला त्यातला सुमारे 200 ते 2,500 हर्ट्झचा मधला पट्टाच नीट पकडता येई. म्हणून डग्ग्याचा घुमारा जवळपास नाहीसा होतो आणि तंबोरा लांब गेल्यासारखा वाटतो. पेटी आणि गळा तेवढे पुढे येतात. ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय असलेल्या नाटकातल्या गायकांना हा कर्णा मानवला, तो यामुळेच. कुजबुजत्या गळ्याला तिथे जागा नव्हती. शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. ‘वन्स मोअर’ घेत रंगभूमीवर रात्र जागवणारे पद त्या तीन मिनिटांत बसवावे लागे.

तरीही खालचा स्वर आपल्याला ऐकू येतो, ही आपल्या मेंदूची करामत. समजा, गायकाचा स्वर 150 हर्ट्झचा आहे. कर्ण्याने तो टिपलाच नाही, पण त्याचे 300, 450, 600 हर्ट्झचे उपस्वर टिपले. या उपस्वरांतले समान अंतर ओळखून मेंदू मूळचा 150चा स्वर स्वतःच उभा करतो. टेलिफोनवर वडिलांचा खर्जातला आवाज आपण ओळखतो, त्यामागेही हेच आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे पद ऐकताना त्यातला काही भाग आपल्याच डोक्यात गायला जात असतो.

आता बुरशीकडे वळू. ही तबकडी प्लास्टिकची नसते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ स्रवतात, तो शुद्ध करून त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ती बनवलेली असते. औषधाच्या काही गोळ्यांवरही हीच लाख चढवतात. ती पाण्याने चटकन बिघडत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिटच्या बोळ्याबरोबर खाचा, म्हणजे गाणेच, पुसले जाते.

हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी फोफावते. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस याहून जास्तच असते. भर म्हणून खारी हवा ओल धरून ठेवते. कागदी पाकीट, धूळ आणि बोटांचा तेलकटपणा बुरशीला पोसतात. तिचे तंतू पृष्ठभागात शिरले की डाग निघाला तरी बारीक खड्डे राहतात आणि गाण्यात कायमची चुरचुर येते. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही.

सफाई करणाऱ्याच्या छातीचाही विचार हवा. कोरड्या फडक्याने झटकले की बीजाणू हवेत उडतात. त्यांनी दमा उसळू शकतो, शिंका आणि खोकला लागतो. दमा असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. इतरांनी एन-95 मास्क व हातमोजे घालून, पंखा बंद ठेवून, उघड्या पडवीत बसावे. जुनी बुरसटलेली पाकिटे फेकून द्यावीत. शुद्ध पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल पुसावे. मधला कागदी शिक्का भिजू देऊ नये. साध्या शुद्ध पाण्याने पुन्हा पुसून तबकडी सावलीत उभी वाळवावी, कारण उन्हात ती वाकडी होते. मग नव्या पाकिटात, उभीच, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

तबकडी वाजवून बघण्याची घाई नको. जुन्या यंत्राचा शंभर ग्रॅमहून अधिक भार पोलादी सुईवर पडतो आणि प्रत्येक वेळी खाच थोडी झिजते. त्यापेक्षा हलक्या पिकअपवर, या रुंद खाचांसाठीच्या सुईने एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घ्यावे. मुंबईत 1990 साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. अशा जाणत्या संग्राहकांना निदान तबकडीवरचे नाव आणि क्रमांक कळवावा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे कर्ण्याच्या काळातल्या मुद्रणांची प्रत करायला त्याची आडकाठी नाही.

अशा कितीतरी मुद्रणांच्या आज मोजक्याच प्रती उरल्या आहेत. भाऊरावांच्या बाबतीत यंत्रच उशिरा आले, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पोटमाळ्यावरच्या तबकडीला मात्र पुढच्या जूनपर्यंतची मुदत आहे.