कांद्याचा भाव आणि जहाजाचे भाडे

मी पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही अर्थशास्त्राच्या तासाला जहाजवाहतुकीतील तेजी-मंदीचे चक्र शिकताना ते मला ओळखीचे वाटले. कांद्याला भाव मिळाला की गावातला प्रत्येक जण कांदा लावतो; सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. जहाजांचेही तसेच. फरक इतकाच की कांदा चार-पाच महिन्यांत निघतो, पण जहाज बांधायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि पुढे ते वीस-पंचवीस वर्षे पाण्यावर राहते. म्हणून जहाजांची मंदी लांबते.

पहिल्या महायुद्धात असंख्य जहाजे बुडाली. भाडी गगनाला भिडली आणि नव्या जहाजांची बांधणी जोरात सुरू झाली. याच तेजीत, १९१९ साली, सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी मुंबईत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. पण १९२० मध्येच बाजार फिरला. १९१४ पेक्षा जहाजे जास्त आणि माल मात्र कमी, अशी जगाची स्थिती झाली.

अशा वेळी भाडे किती खाली जाते? जहाज उभे राहिले तरी कर्जाचे व्याज चुकत नाही. त्यामुळे कोळसा आणि बंदराचा खर्च निघाला तरी मालक जहाज हाकतो. ज्याची थैली मोठी तो याहूनही खाली उतरून नवख्याला बुडवू शकतो. ब्रिटिश इंडिया कंपनीने रंगून-मुंबई तांदळाचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणले. सिंदिया तगली, पण १९२३ च्या करारात तिला आपली जहाजे ७५,००० टनांपुरती मर्यादित ठेवणे मान्य करावे लागले.

पुढे १९२९ ची जागतिक मंदी आली. १९३२ साली जगातील सुमारे पाचवा हिस्सा जहाजे बंदरांत नुसती उभी होती. १९३७ साली थोडी तेजी आली, तीही टिकली नाही. भाडी पुन्हा चढली ती १९३९ च्या युद्धाने.

गेल्या हंगामात भाव चांगला होता, म्हणून वडील सगळ्या रानात कांदा लावायचे म्हणत होते. मी त्यांना ही हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या कंपनीकडं मंदी काढायला भांडवल होतं. आपल्याकडं काय हाय?”

अर्ध्या रानात आम्ही ज्वारी पेरली.