आम्ही बीडवाले!

बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण? जरा थांबा. आधी ही यादी वाचा, मग बोलू.

पुण्या-मुंबईच्या ऑफिसात ‘मी बीडची’ असं सांगितलं की ठरलेले तीन प्रश्न येतात. ‘पाणी येतं का तुमच्याकडे?’, ‘मुंडेंच्या नात्यातली का?’ आणि डिसेंबर २०२४ पासून, आवाज जरा खाली आणून, ‘सेफ आहे ना गं तिकडे?’ तिसऱ्या प्रश्नाला कारण आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या कुणी विसरावी असं मलाही वाटत नाही. पण नोकरीसाठी आपण सीव्ही पाठवतो तेव्हा त्यात फक्त फेल झालेले पेपर लिहितो का? जिल्ह्याचाही एक सीव्ही असतो. बीडचा तर सॉलिड आहे. फक्त तो कुणी उघडून बघत नाही.

दुष्काळातला पोरगा, पाण्यावरून उडी

सुरुवात अर्थातच अविनाश साबळेपासून. आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, शाळा सहा किलोमीटरवर, आणि वाहन म्हणजे स्वतःचे पाय. बारावीनंतर तो लष्करात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात ड्युटी केली, राजस्थानच्या वाळवंटातही केली. धावणं सीरियसली सुरू झालं ते त्यानंतर.

त्याची शर्यत म्हणजे स्टीपलचेस. ३००० मीटर अंतर, २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या मुलाच्या नशिबी हा इव्हेंट यावा! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं. सोनं हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियावालेच नेत होते, ती साखळी मांडव्याच्या पोराने तोडली. २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडमध्ये सुवर्ण, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची फायनल. तिथे तो अकरावा आला, पण या शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलमध्ये पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

लाल माती ते हिरवं पिच

दुसरं नाव पाटोद्याच्या राहुल आवारेचं. तो कुस्तीसाठी पुण्याच्या तालमीत आला आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक घेऊन गेला. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात ब्राँझ. नंतर पोलिस खात्यात अधिकारी.

क्रिकेटवेड्यांसाठी संजय बांगर. जन्म बीडचा, करिअर रेल्वेच्या टीमकडून. २००२ ची हेडिंग्ले टेस्ट आठवते? सगळ्यांना द्रविड, सचिन आणि गांगुली यांची शतकं आठवतात. पण ढगाळ हवेत, नव्या चेंडूसमोर ओपनिंगला उभं राहून ६८ धावा काढणारा आणि द्रविडबरोबर १७० ची पार्टनरशिप करणारा बांगर होता. टीममध्ये एक माणूस असतो ना, जो क्लायंट प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही पण ज्याच्यामुळे प्रोजेक्ट उभा राहतो? तोच.

आणि ताजं नाव सचिन धस. फेब्रुवारी २०२४, अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल, समोर दक्षिण आफ्रिका, टार्गेट २४५ आणि आपले ४ बाद ३२. तिथून या बीडच्या मुलाने ९६ धावा काढल्या, कॅप्टन उदय सहारनबरोबर १७१ जोडल्या आणि भारत फायनलला गेला.

कॉलेजमधली दोस्ती

राजकारण टाळून बीडवर लिहिताच येत नाही. परळी तालुक्यातल्या नाथ्राचे गोपीनाथ मुंडे आणि अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन यांची दोस्ती अंबाजोगाईतल्या कॉलेजच्या दिवसांतली. महाजन राजकारणाआधी तिथल्याच शाळेत शिकवायचे. पुढे एक १९९५ ते १९९९ राज्याचे उपमुख्यमंत्री झाले, दुसऱ्याने दिल्लीत २००१ ते २००३ या काळात दूरसंचार खातं सांभाळलं, म्हणजे आपल्या हातात पहिला मोबाइल आला त्या दिवसांत. महाजन २००६ मध्ये गेले, मुंडे २०१४ मध्ये.

माझ्या मते मात्र या जिल्ह्याची भारी गोष्ट वेगळीच आहे. मागास म्हणून हिणवलेल्या बीडने केशरकाकू क्षीरसागर यांना १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीन वेळा लोकसभेत पाठवलं. १९९६ मध्ये रजनी पाटील, २०१४ आणि २०१९ मध्ये प्रीतम मुंडे. पुढारलेल्या किती शहरांना हे जमलंय, सांगा बरं!

येणारे आणि जाणारे

आता या यादीकडे पुन्हा बघा. साबळे लष्करात गेला, आवारे पुण्याच्या तालमीत, बांगर रेल्वेत. नाव झालं ते बीड सोडल्यावर. आणि हे फक्त नामवंतांचं नाही. दर वर्षी दसरा झाला की जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी ‘उचल’ घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आपल्याकडे जॉइनिंग बोनस म्हणतात तसं वाटेल, पण इथे राजीनामा देता येत नाही.

गंमत म्हणजे एके काळी उलटं होतं. तेव्हा माणसं इथे यायची. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत आहे. ग्रंथाचा काळ परंपरेने ११८८, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षं आधीचा. (विदर्भातलं अंभोराही या ग्रंथावर हक्क सांगतं, ते भांडण अभ्यासकांवर सोडू.) सोळाव्या शतकात दासोपंत इथे येऊन राहिले. सुमारे ४० फूट लांब कापडावर त्यांनी ग्रंथ लिहिला, ती ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत होते. पुढे निजामाविरुद्धचा हैदराबाद मुक्तिसंग्राम त्यांनीच लढवला. आणि साताऱ्याकडे प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील? १९६७ मध्ये ते लोकसभेत गेले ते बीडमधून!

राहिलेली माणसं

म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वरचं नाव शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांचं. लोक त्यांना शब्बीरमामू म्हणतात. दुष्काळी माळावर चारा-पाणी शोधत त्यांनी आयुष्यभर गाई सांभाळल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यासाठी त्यांना दहिवंडी सोडावी लागली नाही. सचिन धसही बीडमध्येच खेळायला शिकला. म्हणजे राहूनही होतं, पण त्यासाठी गावात ग्राउंड लागतं, कोच लागतो, रस्ता लागतो आणि रेल्वेही लागते. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी १९९५ ची. बीड शहरात पहिली पॅसेंजर गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! एवढ्या वेळात आमच्या किती बॅचेस एसटीने पुण्याला निघून गेल्या, याचा हिशोबच नाही.

पुढच्या लाँग वीकेंडला महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा अंबाजोगाई गाठा. योगेश्वरीचं दर्शन घ्या, डोंगरातल्या मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरून जा. शेजारी कुणी आजोबा बसलेले असतील तर त्यांच्याशी बोला. चहा तेच पाजतील, आणि यादीत राहून गेलेली दहा नावंही सांगतील.