विश्लेषण : पुण्याच्या मध्यवस्तीत फ्लॅट घ्यावा का? हिशेब कसा मांडायचा?

गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाबांनी एक जाहिरात टाकली. ‘नारायण पेठ, टू बीएचके, तिसरा मजला, ९० लाख.’ खाली एकच ओळ : ‘तुझ्या ऑफिसपासून किती लांब?’

ऑफिस तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. बाबा सप्टेंबरमध्ये साताऱ्यातून निवृत्त होत आहेत आणि भविष्य निर्वाह निधीतला मोठा वाटा या घरात घालायची त्यांची तयारी आहे. त्यामुळे हा हिशेब आधी घरासाठी मांडला, बातमीसाठी नंतर. खालचे आकडे आमच्यापुढच्या फ्लॅटचे आहेत. तुमचे आकडे घालून पाहा, पद्धत तीच राहील.

मध्यवस्तीत आपण नेमके काय विकत घेतो?

दोन गोष्टी : जागा आणि इमारत. जागेची किंमत वाढते, इमारत मात्र दरवर्षी झिजते. वाघोली किंवा हिंजवडीच्या नव्या प्रकल्पात पैशाचा मोठा भाग नव्या बांधकामाला, लिफ्टला, पार्किंगला जातो. पेठेतल्या तीस-पस्तीस वर्षे जुन्या फ्लॅटमध्ये तो प्रामुख्याने जागेला जातो.

म्हणून पेठेतला फ्लॅट घेताना पहिला प्रश्न ‘दर काय?’ हा नसून ‘ही जागा कागदावर कोणाची आहे?’ हा असायला हवा.

फायदे कोणते?

पहिला फायदा वेळेचा. उपनगरातून मध्यवस्तीत यायला एका बाजूने ७५ मिनिटे आणि पेठेतून २० मिनिटे लागतात असे धरू. रोज ११० मिनिटे वाचतात. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर ही बचत सुमारे ४५८ तास, म्हणजे जवळपास १९ पूर्ण दिवस होते.

पण हे गणित उलटेही फिरते. माझ्या कॉलेजच्या बॅचमधले बरेच जण हिंजवडीत काम करतात. त्यांनी नारायण पेठेत घर घेतले, तर हेच १९ दिवस ते रस्त्यावर घालवतील.

दुसरा फायदा मेट्रोचा. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानके थेट जुन्या पुण्यात आली. वनाज-रामवाडी मार्गिकेवर डेक्कन जिमखाना स्थानक आहे. सिव्हिल कोर्टला दोन्ही मार्गिका बदलता येतात.

तिसरा पाण्याचा. पेठांना महापालिकेची जुनी पाणीपुरवठा व्यवस्था आहे. वाघोलीसारखी गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी तिथल्या अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून राहिल्या. घर पाहताना गेल्या उन्हाळ्यातली टँकरची बिले मागून पाहा.

चौथा करांचा. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसले तर १ टक्का). ९० लाखांच्या नव्या फ्लॅटवर हा कर साडेचार लाख होतो. रिसेलच्या फ्लॅटवर तो नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे आणि हप्ता असा दुहेरी भार पडत नाही.

हातात किती रोख रक्कम लागेल?

गृहकर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळते. ९० लाखांवर ही रक्कम ७२ लाख होते. उरलेले १८ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यासाठी कर्ज धरले जात नाही.

पुण्यात सध्या मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के आहे, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी शुल्क कमाल ३० हजार. सोसायटीला हस्तांतरण शुल्क म्हणून जास्तीत जास्त २५ हजार घेता येतात. एकूण २४ लाख ८५ हजार. दलाली, वकील आणि दुरुस्ती वेगळी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. आणि घर फक्त महिलांच्या नावावर असेल, तर १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की सवलत गेली. हे सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, “मग तुझं आणि आईचं नाव घाल. नव्वद हजार वाचतात की!” चाळीस वर्षांच्या नोकरीचे पैसे आणि कागदावर स्वतःचे नाव नाही. त्यांनी ते सहज म्हटले, मला मात्र तेवढे सहज घेता आले नाही.

आता खरी मेख. बँक ८० टक्के मोजते ती करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने ठरवलेली किंमत यांपैकी कमी रकमेवर. जुन्या इमारतीचे मूल्यांकन ८० लाख झाले, तर कर्ज ६४ लाखच मिळेल आणि खिशातून आणखी ८ लाख जातील. त्यामुळे मूल्यांकन होण्याआधी मोठी इसाराची रक्कम देऊ नका.

५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. हा अधिकचा खर्च नाही, विक्रेत्याला द्यायच्या रकमेतूनच तो कापायचा. पण भरायला विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्या माथी येतो.

चौरस फुटांत फसगत कशी होते?

रेरा कायद्यानुसार कार्पेट म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा. त्यात आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस येत नाहीत. जुन्या करारांत मात्र बिल्टअप किंवा सेलेबल क्षेत्रफळ लिहिलेले असते. दोन्हींचे दर शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच. टेप घेऊन जा, खोल्या मोजा आणि किमतीला त्या आकड्याने भागा.

जुन्या इमारतीत काय तपासायचे?

मालकी : शहरात सातबारा नव्हे, तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका पाहावी लागते. तिच्यावर सोसायटीचे नाव आहे की मूळ वाडामालकाचे? मूळ मालकाचे असेल, तर जमीन अजून सोसायटीकडे आलेली नाही. मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण तो झाला आहे का, हे तुम्ही घेण्याआधी विचारायचे. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर जुने इंडेक्स टू स्वतःही पाहता येतात.

भोगवटा प्रमाणपत्र : इमारतीला आहे का आणि त्यात तुमचा मजला आहे का?

पागडी : जुन्या वाड्यातली ‘स्वस्त’ जागा अनेकदा पागडीची असते. तिथे भाडेहक्क मिळतो, मालकी नाही. त्यावर गृहकर्जही सहसा मिळत नाही.

स्मारके : शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरवर परवानगीचे नियंत्रण आहे. म्हणजे पहिल्या पट्ट्यातल्या इमारतीचा पुनर्विकास होईल या आशेवर घर घेणे चूक ठरेल.

पूररेषा : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या वेळी धरण फुटले होते. पण जुलै २०२४ मध्ये धरण न फुटताही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीकाठचा फ्लॅट कोणत्या रेषेत येतो, हे पाहा.

‘पुनर्विकास होणारच आहे’ या वाक्याचे काय करायचे?

दलालाच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. सहकारी सोसायटीत पुनर्विकासाची प्रक्रिया ७९-अ च्या निर्देशांनुसार चालते. २०१९ च्या सुधारित निर्देशांनुसार त्यासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. पण संमती मिळाली म्हणून बिल्डर येतोच असे नाही. किती एफएसआय आणि टीडीआर वापरता येईल, हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरते. पेठांतले रस्ते अरुंद आणि प्लॉट लहान. विक्रेत्याकडे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागा. तिथे नोंद नसेल, तर त्या वाक्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

रोजच्या राहण्यात काय अडते?

पार्किंग आणि लिफ्ट. मध्यवस्तीत नवी इमारत घेत असाल, तर यांत्रिक पार्किंगमध्ये तुमची गाडी उंचीने बसते का ते पाहा. २०२४ पासून महारेराने पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि जागा करारासोबत नमूद करणे बंधनकारक केले आहे. मोकळे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही.

शिवाय गणेशोत्सवाचे दहा दिवस. रस्ते बंद असतात आणि विसर्जन मिरवणूक २४ तासांहून अधिक चालते. कोणाला यासाठीच पेठ हवी असते. घरात हृदयरुग्ण असेल, तर रात्री रुग्णवाहिका कुठून येईल, हे आधी पाहून ठेवा.

भाड्याने राहिले तर?

७२ लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे ६२,५०० रुपये येतो. पहिल्या वर्षात सहा लाखांहून अधिक रक्कम निव्वळ व्याजात जाते. तसाच फ्लॅट महिना २५ हजारांनी भाड्याने मिळाला, तर वर्षाचे भाडे तीन लाख. ‘भाडे म्हणजे पैसे वाया’ म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. अर्थात भाडे दरवर्षी वाढते, हप्ता व्याजदरानुसार बदलतो आणि घराची किंमतही वाढू शकते. पण ही वाढ जागेची असते. कागदावर जागाच तुमची नसेल, तर वाढही तुमची नाही.

मग कोणी घ्यावा, कोणी नको?

घरातल्या दोघांचे तरी रोजचे जगणे मध्यवस्तीत असेल, जमीन सोसायटीच्या नावावर असेल आणि रोख रक्कम दिल्यावरही सहा महिन्यांचे हप्ते शिल्लक राहत असतील, तर पेठेतला जुना फ्लॅटही चांगला सौदा ठरतो. स्वतः राहत असाल, तर मिळकतकरातली ४० टक्के सवलत मिळवायला पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका.

नोकरी बदलण्याची शक्यता असेल, मोटार अत्यावश्यक असेल किंवा निवृत्तीचा सगळा निधी यातच जात असेल, तर थांबा.

आम्ही थांबलो आहोत. त्या फ्लॅटच्या मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकाच्या तीन वारसांची नावे आहेत. इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे दुखतात. आई म्हणाली, “आधी त्याच गल्लीत अकरा महिने भाड्याने राहू. एक पावसाळा बघू, एक गणपती बघू. मग तुझ्या बाबांचे पैसे कुठे घालायचे ते ठरवू.”

बाबा रोज एक नवी जाहिरात पाठवतात. फरक इतकाच, की आता जाहिरातीखाली ते ‘किती लांब?’ असे विचारत नाहीत. ‘कार्डावर नाव कोणाचं?’ असे विचारतात.