सौर वायर : काटकसर कुठे नसावी?

घरावर सौर पॅनेल बसवताना आपण पॅनेलची किंमत विचारतो, वायरीची जात विचारत नाही. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे ठिणगी विझण्यास वाव मिळतो. पॅनेलकडून येणारा एकदिश प्रवाह शून्यावर येत नाही. सैल जोडणीतील ठिणगी पेटतीच राहते व आग लागू शकते. इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हात त्या वायरीत दाब असतोच. साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण तर उन्हाने कडक होऊन तडकते. म्हणून छपरापासून इन्व्हर्टरपर्यंत 'आयएस १७२९३' हे मानक छापलेली सौर केबलच घ्यावी, कनेक्टर एकाच बनावटीचे असावेत आणि चौकटींना अर्थिंग करावे. जमाखर्चाच्या भाषेत, वायरीतील बचत हा नफा नव्हे. तो पुढे ढकललेला तोटा होय.