शिशिरातील सहल आणि अर्धशक्ती

कट्टा (ता. मालवण) येथून आम्ही काही वैद्यमित्र जानेवारीत मुंबईस जातो. शनिवारी स्नेह्यांसमवेत गोल्फ आणि रविवारी मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या आप्तांना प्रोत्साहन, असा हा दुहेरी बेत असतो. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली.

शिशिरात अग्नी प्रदीप्त व बल उत्तम असते. तथापि अष्टांगहृदयकारांनी बलवान, स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. गोल्फमध्ये पुष्कळ चालणे घडते. पण दोन फटक्यांमध्ये विसावा मिळाल्याने ही मर्यादा सहसा राखली जाते. ४२.१९५ किलोमीटर धावणारा मात्र ती ओलांडतोच.

म्हणून आम्ही पेडर रोडच्या चढावर उभे राहतो. परतीच्या वाटेवर थकलेल्या धावपटूची तेथे खरी कसोटी लागते. कपाळी घाम व मुखाने श्वास ही अर्धशक्तीची लक्षणे होत. घेरी, छातीत वेदना वा असंबद्ध बोलणे दिसल्यास मात्र ‘आता थोडेच राहिले’ असे न म्हणता त्यास थांबवावे व तत्काळ वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. शर्यत सुखरूप पार पडल्यावर विश्रांती, मीठ घातलेले आमसुलाचे सरबत घोटघोट आणि नंतर सुखावह अंगमर्दन योजावे.

आप्तांच्या टाळ्या बळ देतात, तशाच त्या शक्तीबाहेरही नेतात. वैद्याने टाळ्या वाजवाव्यात; दृष्टी मात्र चेहऱ्यावर ठेवावी.