ओळखपत्र एक, निकष अनेक

दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही शहरे मेट्रोने जोडलेली असली, तरी दिव्यांग व्यक्तींना मिळणाऱ्या मासिक साहाय्याच्या बाबतीत ती तीन वेगळ्या शासनांच्या अखत्यारीत येतात. नोकरीनिमित्त किंवा परवडणाऱ्या घरासाठी सीमा ओलांडणाऱ्या कुटुंबांनी हा भेद आधीच जाणून घेणे हिताचे ठरते.

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र देशभर ग्राह्य असते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वासाठी पांढरे, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळे आणि ८० टक्के व त्याहून अधिक असल्यास निळे ओळखपत्र दिले जाते.

ओळखपत्र मिळाले म्हणजे निवृत्तिवेतन मंजूर झाले, असे मात्र नव्हे. २००९ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेसाठी दिव्यांगत्व किमान ८० टक्के आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते. त्यात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा ३०० रुपये व त्यानंतर ५०० रुपये आहे. राज्यांचे निकष याहून निराळे आहेत. दिल्ली व उत्तर प्रदेशात ४० टक्के पुरेसे ठरतात. हरियाणात ६० टक्के लागतात. दिल्लीत पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. उत्तर प्रदेशात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४६,०८० रुपये, तर शहरी भागात ५६,४६० रुपये ठरविण्यात आली. म्हणजे ५० टक्के दिव्यांगत्व असलेली व्यक्ती दिल्लीत पात्र ठरली, तरी गुरुग्रामला स्थायिक झाल्यावर तिला तेथील निवृत्तिवेतन मिळू शकत नाही. म्हणून घर बदलण्यापूर्वी दोन्हीकडील समाजकल्याण कार्यालयांत चौकशी करावी.

मंजुरीनंतरचा टप्पा बँकेचा. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी सर्वांत शेवटी संलग्न केलेल्या खात्यात जमा होते. नवीन खाते उघडताना ही संलग्नता बदलल्यास पैसे तिकडे वळतात. रक्कम 'आली नाही' अशी तक्रार करण्यापूर्वी शाखेत ही नोंद तपासून घ्यावी.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या खात्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक समितीचे पालकत्व प्रमाणपत्र उपयोगी पडते. शाखेत येणे शक्य नसलेल्या दिव्यांग ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळविले आहे.

साहाय्याची रक्कम मोठी नसली, तरी औषधे आणि प्रवास यांचा खर्च तिच्यावर अवलंबून असतो. ग्राहकाने टक्केवारी, पत्ता व खाते या तीन नोंदी अचूक ठेवाव्यात आणि कर्मचाऱ्याने त्या आस्थेने तपासाव्यात. मग हक्काचा पैसा वेळेवर हाती पडण्यात सहसा अडचण येत नाही.