आधी हात, मग दर

सकाळी ८. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हजेरी लागेपर्यंत गेटवर नवे वेल्डर येऊन थांबलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत जुनी प्रमाणपत्रं आणि तोंडी एकच प्रश्न, ‘साहेब, रेट काय?’

८.३०. कागद भराभर बघतो. एका मामांचा अनुभव १२ वर्षांचा, पण गेले आठ महिने गावी शेतीवर. बॉयलर-प्रेशर व्हेसलसाठी आम्ही जी एएसएमई संहिता पाळतो, तिचा नियम स्पष्ट आहे: एखाद्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केलं नाही, तर त्या प्रक्रियेची पात्रता संपली. नुसती वर्षं मोजून पगार लावणाऱ्यांच्या टेबलावर हा नियम चिकटवायला हवा.

९.३०. चाचणी. सहा इंची पाइपचे दोन तुकडे समोरासमोर, ४५ अंशांत तिरके, घट्ट बांधलेले. हाच ६जी. १जीमध्ये पाइप फिरतो आणि हात एका जागी राहतो. ते बऱ्याच जणांना जमतं. इथे पाइप जागचा हलत नाही. वेल्डरनेच उकिडवं बसून, मान मोडून, भोवती फिरायचं. रूट म्हणजे जोडाचा तळाचा थर आर्गनने, वरचे थर ७०१८ रॉडने. ६जी निघाला की बाकीच्या सगळ्या पोझिशन त्याला खुल्या.

माणूस रूटमध्येच कळतो. पाइपच्या पोटाशी वितळलेला धातू खाली ओघळतो आणि आतून खड्डा पडतो. ओडिशाचा एक पोरगा, जेमतेम बावीस-तेवीसचा, प्रत्येक टॅकपाशी, म्हणजे तुकडे धरून ठेवणाऱ्या छोट्या वेल्डपाशी, थांबतो, टॅकची टोकं घासून पातळ करतो आणि मगच पुढे सरकतो. मामा टॅकवरून तसेच गेले. मी काही बोलत नाही.

१२. कूपन, म्हणजे चाचणीचा जोड, गार झालं. चार पट्ट्या कापायच्या आणि यू आकारात वाकवायच्या. दोन पट्ट्यांत रूट बाहेर, उरलेल्या दोन पट्ट्यांत माथा बाहेर. ३ मिलिमीटरहून मोठी चीर उघडली की नापास. पोराच्या चारही साफ. मामांची एक पट्टी टॅकच्या जागी उलली.

‘मामा, उद्या १जीचं कूपन मारा. निघालं तर पाइप फिरवणाऱ्या रोटेटरवरचं काम देतो, सराव झाला की परत ६जीला बसा.’

‘इतकी वर्षं काय झक मारली?’ म्हणत ते चहाला गेले. राग खरा आहे, पण चीरही खरी आहे.

१. डबा.

२. कंत्राटदार. त्याला दोघेही ‘कुशल’ म्हणून एकाच दरात हवेत, आणि कागदावर त्याची सोय आहे. राज्यातल्या किमान वेतनाची जुनी विभागणी अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी. १जीवाला आणि ६जीवाला दोघेही तिसऱ्या खणात. २०१९च्या वेतन संहितेत ‘अतिकुशल’ आलंय, ते बरं झालं. पण किमान म्हणजे याच्याखाली जायचं नाही. कंत्राटदार ते ‘याच्यावर जायचं नाही’ असं वाचतो. ‘एवढ्याशा पोराला एवढे दिले तर जुने भडकतील.’ मी चार पट्ट्या त्याच्यासमोर ठेवल्या. पोझिशनवार दर शॉपच्या भिंतीवर लिहिलेले आहेत, मराठीत आणि हिंदीत. वय आणि ओळख यांना त्या तक्त्यात रकाना नाही.

४. खरी पंचाईत ग्राइंडिंगची. वेल्डरला कूपन आहे, ग्राइंडर चालवणाऱ्या ताईंना काय? चाकणमधल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत भिंतीवर चार भागांचे गोल असतात: पाव म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली, पाऊण म्हणजे एकट्याने, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी ते ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगतात आणि पगारपत्रकापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या ताई मस्टरवर अजून ‘हेल्पर’. आणि नव्या पोरांना टॅक घासायला शिकवतात त्याच. निरीक्षकाला बोलावलं, ताईंकडून एक जोड घासून घेतला. तसाच गोल त्यांच्यासाठी काढून पूर्ण भरला.

‘गोल भरला हो साहेब, पगाराचं काय?’

५.३०. लेखा विभाग ताईंचं आयटीआय प्रमाणपत्र मागतोय. ते नाही. निरीक्षकाच्या सहीचा अहवाल जोडला, ‘१ तारखेपासून कुशलचा दर लावावा’ असं लिहिलं आणि फाइल वर पाठवली.